वेंटफोर्ड एक आणि वेंटफोर्ड दोन

"तुमच्या कॉम्प्युटरनं माझ्या वडिलांचे दोन तुकडे केले आहेत," फोनवरच्या बाई म्हणाल्या. "ज्यानं केले त्याच्याशीच मला बोलायचंय."

ज्यानं केले ती मीच होते. तसं त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग लिहून घ्या. हॅरल्ड वेंटफोर्ड हा एकच माणूस होता. मी त्याची मुलगी. माझं वय नव्वद. दोन वडील असते तर एव्हाना कुणीतरी मला सांगितलं असतं."

ही २००४ सालची गोष्ट. मी तेव्हा पिस्कॅटवेला राहत होते आणि उत्तर न्यू जर्सीतल्या एका फिल्म अर्काइव्हमध्ये कॉन्ट्रॅक्टवर काम करत होते. अर्काइव्ह म्हणजे जुने सिनेमे आणि त्यांची कागदपत्रं जपून ठेवणारी संस्था. मला सिनेमातलं काही कळत नव्हतं. माझं काम डेटाबेसचं. संस्थेकडे चार वेगवेगळ्या जुन्या नोंदी होत्या: कार्डांची कपाटं, नटांच्या डिरेक्टऱ्या, जाहिरातींची कात्रणं आणि स्टुडिओंच्या रोजच्या याद्या, म्हणजे आज कोणत्या सिनेमासाठी कुणाला बोलावलं आहे त्याचे कागद. या चारही ठिकाणची माहिती एका डेटाबेसमध्ये आणायची आणि एकाच माणसाच्या विखुरलेल्या नोंदी एकत्र जोडायच्या, हे आमचं प्रोजेक्ट. आम्ही म्हणजे मी आणि पुण्याचा सलील. तो माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी लहान, मला ताई म्हणायचा आणि माझ्या डब्यावर त्याचा रोज डोळा असायचा.

न्यू जर्सीत अर्काइव्ह असण्याला कारण होतं. कॅलिफोर्नियाचं नाव होण्याआधी अमेरिकेतले पुष्कळ सिनेमे हडसन नदीच्या या काठावर, फोर्ट लीला तयार होत. मलाही हे प्रोजेक्टवर आल्यावरच कळलं. त्या काळात सिनेमाच्या पडद्यावर लहान नटांची नावं सहसा येत नसत. त्यामुळे कुणी कुठे काम केलं हे समजायला त्या रोजच्या याद्याच महत्त्वाच्या.

आता माझा नियम सांगते. नाव सारखं असलं म्हणून माणूस एकच असेल असं नाही. म्हणून दोन नोंदी जोडण्याआधी प्रोग्रॅम एक तपासणी करायचा. एकाच तारखेला ते नाव दोन वेगळ्या स्टुडिओंच्या यादीत असेल, तर ती दोन वेगळी माणसं धरायची. हा नियम माझा. आधीची सहा वर्षं मी कन्सल्टिंग कंपन्यांच्या टाइमशीटच्या सिस्टिम केल्या होत्या. एक माणूस, एक दिवस, एक क्लायंट. हा नियम तिथे कधी चुकला नव्हता.

वेंटफोर्ड हे नाव सत्तावीस तारखांना फोर्ट लीतल्या दोन वेगळ्या स्टुडिओंच्या यादीत होतं. प्रोग्रॅमनं पहिल्या स्टुडिओचे बावीस सिनेमे वेंटफोर्ड एकच्या नावावर टाकले आणि दुसऱ्याचे एकोणीस वेंटफोर्ड दोनच्या. आमची कॅटलॉगची हेड डोना हिनं तपासणीसाठी नातेवाइकांना प्रिंटआउट पाठवले होते. त्यातला एक मिसेस एडिथ कॉलिन्स यांच्याकडे गेला आणि त्यांचा फोन आला.

एवढंच असतं तर मी दोन नोंदी हातानं जोडल्या असत्या आणि विसरून गेले असते. पण बाईंनी पुढे विचारलं, "तुमच्याकडे त्यांचं एक रीळ आहे ना? ते कॉपी होणार आहे का?"

मी यादी उघडली. जुनी फिल्म नायट्रेट नावाच्या पदार्थाची असते. ती पटकन पेट घेते, आणि पेटली नाही तरी आपोआप सडते. आधी चिकट होते, मग तिला वास येतो, शेवटी तपकिरी भुकटी उरते. वाचवायची तर नव्या फिल्मवर कॉपी करायची. त्या वर्षी कॉपीसाठी दोनशे बारा रिळं रांगेत होती आणि लॅबकडे जागा चाळीसची. कोणती चाळीस, ते गुणांवर ठरायचं. रिळाची अवस्था, दुसरी प्रत कुठे आहे का, आणि त्यात किमान पंचवीस सिनेमे केलेला नट आहे का. या तिसऱ्या मुद्द्याचे गुण बरेच होते. वेंटफोर्ड एकला बावीस, दोनला एकोणीस. दोघांनाही गुण शून्य. रीळ त्रेपन्नाव्या नंबरवर.

एक्केचाळीस सिनेमांपैकी शिल्लक राहिलेलं ते एकच रीळ होतं. अवस्थेच्या रकान्यात लिहिलं होतं: वास सुरू.

मी बाईंना नंबर सांगितला. खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. त्या म्हणाल्या, "मी चार वर्षांची असताना ते गेले. माझ्याकडे दोन फोटो आहेत. मी त्यांना कधी हलताना पाहिलेलं नाही. माझे डोळे जात चाललेत. डॉक्टर म्हणतात, वर्षभर. त्यामुळे पुढच्या वर्षीच्या यादीचा मला उपयोग नाही. रिळालाही नसावा."

यादी लॅबकडे जाणार होती दहा दिवसांनी, शुक्रवारी.

मी डोनाकडे गेले. डोना सरळ बाई. गेली वीस वर्षं ती या कपाटांमध्येच वावरत होती. तिनं ऐकून घेतलं आणि नाही म्हणाली. कमिटीनं यादी पास केली होती. एका म्हाताऱ्या बाईच्या फोनवर यादी बदलली, तर उद्या सगळ्या म्हाताऱ्या बाया फोन करतील.

"वैशाली, तो एकच माणूस होता याला पुरावा काय? मुलगी म्हणते, एवढाच?"

"आणि दोन माणसं होती याला पुरावा काय?" मी म्हटलं. "माझा नियम म्हणतो, एवढाच."

ती हसली नाही. म्हणाली, "मग नियम चुकीचा आहे हे सिद्ध कर. एका नावासाठी नाही. सगळ्यांसाठी. गुरुवारपर्यंत."

ते मला रास्त वाटलं. मी तिच्या जागी असते तर हेच म्हटलं असतं.

शनिवारी सलील आणि मी एडिथबाईंकडे गेलो. फोर्ट लीपासून दहा मिनिटांवर वृद्धांच्या एका निवासात त्यांची खोली होती. बाई बुटक्या, ताठ, वॉकर घेऊन चालणाऱ्या. त्यांनी टेबलावर वडिलांची, खिशात मावेल एवढी एक वही काढून ठेवली होती. वही न्यायची नाही, इथेच बसून काय ते करायचं, असं आधीच बजावलं. मी लॅपटॉप उघडला.

मी आयुष्यात पुष्कळ नोंदी पाहिल्यात. इतकी नीट वही पाहिली नव्हती. दर पानावर एक आठवडा. प्रत्येक दिवसाच्या चौकटीत मधोमध आडवी रेघ. रेघेच्या वर एक अक्षर, रेघेच्या खाली एक अक्षर, दोन्हींपुढे दोन-तीन शब्द. 'लांब पांढरी दाढी.' 'टक्कल, जाड मिशी.' 'लाल नाक.' काही चौकटींच्या कोपऱ्यात छोटं वर्तुळ.

एडिथबाईंनी आईकडून ऐकलेलं सांगितलं. त्यांचे वडील मूळचे मँचेस्टरचे, नाटकातले. राहायचे न्यूयॉर्कला. सकाळी फेरीबोटीनं नदी ओलांडायची, ट्रॉली नावाच्या ट्रामनं टेकडी चढायची. त्या वेळी स्टुडिओंना काचेची छपरं असत आणि शूटिंग बरंचसं सूर्याच्या उजेडावर चाले. एका स्टुडिओची काच पूर्वेकडे होती, तिथे दुपारनंतर सावली यायची. दुसऱ्याला दुपारचा उजेड चांगला मिळायचा. म्हणून सकाळी एकात, दुपारी दुसऱ्यात. रेघेच्या वरचं अक्षर सकाळचा स्टुडिओ, खालचं दुपारचा. खोट्या दाढ्यामिशा नटाच्या स्वतःच्या, त्यांची पेटी बरोबर. आणि वर्तुळ?

"त्या रात्री नाटक," त्या म्हणाल्या. "बोटीनं परत जाऊन."

सलीलनं वहीतून मान वर केली. मग मराठीत माझ्याकडे वळून म्हणाला, "ताई, यार, आपल्या एच-वन व्हिसाला एकच एम्प्लॉयर चालतो, म्हणून त्या बिचाऱ्यालाही एकच चालत असेल असं धरून बसलो आपण."

त्याचं म्हणणं बरोबर होतं. ही चूक आमच्यासारख्यांनाच सुचू शकते. एका कंपनीच्या कागदावर या देशात यायचं, त्याच कंपनीच्या नावानं काम करायचं, दुसरीकडे एक तास काम केलं तरी बेकायदेशीर. इतकी वर्षं त्या चौकटीत राहून मला वाटायला लागलं होतं की तो निसर्गाचाच नियम आहे. अमेरिकेतल्या त्या काळच्या नटाला असा कुठलाच कागद लागत नव्हता. त्याला उजेड लागत होता.

एडिथबाईंनी आम्ही काय बोललो ते विचारलं. मी सांगितलं. त्यांना ते फारच आवडलं. "म्हणजे माझ्या वडिलांकडे व्हिसा नव्हता म्हणून तुमची चूक झाली?" त्या म्हणाल्या. मी म्हटलं, थोडक्यात तसंच.

रविवारीही आम्ही गेलो. दोन दिवसांत अख्खी वही उतरवून झाली. मग मी जुळवणी केली. यादीत टक्कर झालेल्या सत्तावीस तारखांपैकी तेवीस वहीच्या काळात बसत होत्या. बावीस दिवशी वहीत दोन्ही स्टुडिओ होते, बरोबर त्याच क्रमानं. एक दिवस जुळेना. दोन्ही याद्यांत नाव होतं आणि वहीत चौकट रिकामी. मला ते टोचायला लागलं. शेवटी लेन्स लावून पाहिलं तर कोपऱ्यात पेन्सिलनं अगदी बारीक लिहिलं होतं: 'पोट.' त्याला बोलावलं होतं, पण तो गेलाच नव्हता. यादी काय सांगते आणि काय सांगत नाही, हे मला त्या एका शब्दानं शिकवलं.

सोमवारी लंचला आम्ही दोघे दोन्ही स्टुडिओंच्या जागा शोधून काढल्या. एका ठिकाणी पेट्रोल पंप, दुसऱ्या ठिकाणी अपार्टमेंटची इमारत. एका जागेवरून दुसरीकडे चालत गेलो. चौदा मिनिटं लागली, त्यात सलीलची कुरकुर धरून. तेवढ्या चौदा मिनिटांत तो माणूस न्यायाधीश उतरवून बटलर चढवत असे. हे काही आठवड्यांत तीन-चार वेळा, आणि वर नाटकं. मला सर्व्हर बदलला तरी पासवर्ड आठवायला वेळ लागतो.

मग नियम बदलला. दोन स्टुडिओ अर्ध्या तासाच्या चालण्याच्या आत असतील, तर एकाच तारखेवरून माणूस तोडायचा नाही. प्रोग्रॅम पुन्हा चालवला. जुन्या नियमानं एकूण अडतीस नटांचे तुकडे केले होते. त्यातले एकतीस जुळले. उरलेल्या सात जोड्या खरोखर वेगळी माणसं होती. एक जण फिलाडेल्फियात असताना दुसरा इथे. म्हणजे नियम पूर्ण वेडगळ नव्हता. पण एकतीस माणसं मी कापली होती, आणि एडिथबाई सोडून कुणाच्याच मुलीनं फोन केला नव्हता.

गुरुवारी सगळं डोनासमोर ठेवलं. तिनं एक तास वाचलं. वेंटफोर्डचं रीळ त्रेपन्नवरून चौतिसावर आलं होतं. तिनं आधी तिकडे पाहिलंच नाही. यादीचा तळ पाहिला.

"तीन रिळं आत आली. म्हणजे तीन बाहेर गेली."

"हो."

"त्यांच्या मुली असतील."

मी म्हटलं, असतील. तिनं फोन उचलून कमिटीच्या अध्यक्षांना लावला. शुक्रवारी लॅबकडे नवी यादी गेली. हे इथे नोंदवायला हवं: बाहेर गेलेल्या तिनांपैकी दोन रिळं पुढच्या वर्षी कॉपी झाली. तिसऱ्याचा डबा उघडला तेव्हा आत भुकटी होती. मी सुरुवातीलाच नियम बरोबर केला असता, तर ते रीळ पहिल्या यादीत आलंच नसतं आणि कुणी त्याच्याकडे आशेनं पाहिलंही नसतं. तरी त्या डब्याचा नंबर मला पाठ आहे.

लॅबला सात महिने लागले. मी दोनदा फोन केला. तिकडचा माणूस म्हणाला, फिल्म आकसली आहे, तिची भोकं मशीनच्या दात्यांशी जुळत नाहीत, एकेक फ्रेम हातानं सरकवतोय. २००५च्या वसंतात प्रत आली. एक रीळ म्हणजे बारा-तेरा मिनिटांचा सिनेमा. आमच्या छोट्या व्ह्यूइंग रूममध्ये डोना आणि सलीलनं पडदा लावला. एडिथबाईंना मी गाडीनं घेऊन आले.

गाडीतच त्यांनी सांगितलं. डॉक्टरांचं वर्ष सात महिन्यांतच संपलं होतं. नजरेच्या मधोमध काळा डाग आला होता. कडेकडेनं दिसायचं. समोरच्या माणसाचा चेहराच नेमका दिसत नसे. मी त्यांच्याकडे वळून पाहिलं. ज्या चेहऱ्यासाठी हे सगळं केलं, तोच आता त्यांना दिसणार नव्हता. त्या म्हणाल्या, "गाडी चालवा. तुमचे डोळे तरी समोर ठेवा."

सिनेमा सुरू झाला. गोष्ट साधी. एका मुलीवर चोरीचा खोटा आरोप, कोर्ट, सुटका. यादीप्रमाणे वेंटफोर्ड न्यायाधीश होता. तो आला. सत्तरीचा, पोक काढलेला, लांब पांढरी दाढी. कागद उचलताना हात थरथरत होता. शूटिंगच्या वेळी त्याचं वय चौतीस होतं. मी हे हिशेबानं जाणत होते, तरी माझा विश्वास बसेना. मी त्या हाताकडे बघत राहिले. चौतिशीतला हात असा कसा थरथरेल? बोटं नव्हती थरथरत, आतून मनगट थरथरत होतं, जसं माझ्या आजोबांचं थरथरायचं.

मी हळू आवाजात एडिथबाईंना सांगत होते, आता न्यायाधीश बसला, आता वाचतोय. त्यांनी मान तिरकी केली होती, नजरेची कड पडद्यावर यावी म्हणून. थोड्या वेळानं म्हणाल्या, "हा कुणीतरी म्हातारा आहे. हे माझे वडील नाहीत."

सिनेमा पुढे गेला. कोर्टाबाहेर एक भिकारी, एका डोळ्यावर पट्टी. मग एक घोडागाडीवाला. तो मुलीची पेटी उचलतो, गाडीपाशी नेतो, चढवतो. जेमतेम दहा सेकंद. दाढी नाही, मिशी नाही.

एडिथबाईंनी माझा हात धरला. "थांबवा. तो पुन्हा दाखवा."

"कोण?"

"पेटीवाला."

डोनानं मागे घेतलं. गाडीवाला पुन्हा पेटी घेऊन चालला. डावं पाऊल किंचित बाहेर टाकत.

बाईंनी पुन्हा मान तिरकी केली. मग म्हणाल्या, "माझी आई मला जन्मभर बोलायची. पाय सरळ टाक, वडिलांसारखी चालू नकोस. मी तिला सांगायची, मी त्यांना चालताना पाहिलेलंच नाही." आणि पुढे एवढंच म्हणाल्या, "आता पाहिलं."

डोनानं तो तुकडा त्यांना नऊ वेळा दाखवला. मी मोजत होते, कारण तेवढंच मला करता येत होतं.

पण चालण्यावरून नोंद करता येत नाही. त्यांना सोडून मी ऑफिसला परत आले आणि वहीच्या उतरवलेल्या नोंदींत त्या सिनेमाचे दिवस काढले. स्टुडिओच्या यादीप्रमाणे तीन दिवस होते. पहिल्या दिवसापुढे वहीत होतं 'लांब पांढरी दाढी'. दुसऱ्यापुढे 'डोळ्याची पट्टी'. तिसऱ्यापुढे 'काही नाही'. शेवटचा शब्द मी टाइप करताना काम झालं नाही असा घेतला होता. त्याचा अर्थ चेहऱ्याला काही लावलं नाही, असा होता. एकाच सिनेमात तो न्यायाधीशही होता, भिकारीही आणि गाडीवालाही. आम्ही चौघांनी पडदाभर त्याला शोधलं आणि तो तीन वेळा आमच्या समोरून गेला.

मी डेटाबेसमध्ये भूमिका भरायला गेले तर प्रोग्रॅमनं नोंद परत केली. एका सिनेमात एका माणसाला एकच भूमिका. तो नियमही माझाच. तो काढला आणि मग नोंद केली: हॅरल्ड वेंटफोर्ड, व्यक्ती एक, सिनेमे एक्केचाळीस, भूमिका किमान त्रेचाळीस.

बाकीचे चाळीस सिनेमे आता जगात कुठेच नाहीत. त्यांत आणखी किती जण तोच होता, हे वहीवरून अंदाजानं सांगता येईल, पाहून नाही. डोना म्हणाली, त्या जादा भूमिकांच्या रकान्यात शून्य घाल, रिपोर्ट नीट दिसतो. मी घातलं नाही. तो रकाना अजून रिकामा आहे. जे माहीत नाही तिथे शून्य लिहायचं नसतं.